हजेरी

गेले तीन महिने मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे. रिक्षावाल्याला सांगून झालं, गणपती पेठेतल्या किराणा दुकानदाराला सांगून झालं, पुण्याच्या नणंदेला फोनवर दोनदा सांगून झालं. ती म्हणाली, "अगं वहिनी, मागच्या रविवारी हेच सांगितलंस की!" मग म्हटलं, आता लिहूनच काढावं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, सांगलीतल्या एका वाचनालयाच्या तळमजल्यावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मला जे सापडलं, ते अजून कितीतरी घरांत पोचलेलं नाही. आणि पोचलेलं नाही म्हणून त्या घरांत रोज कुणीतरी कुणावर तरी उगाचच रुसून बसलंय, याची मला आता पक्की खात्री आहे.

मला सापडलं ते एवढंसं वाक्य आहे. "आमच्याकडेही अस्संच!"

पण ते वाक्य ऐकण्याआधी मी काय ऐकत नव्हते, ते सांगायला हवं.

आमचे हे प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. अख्खी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला शेजारच्या वर्गातले शिक्षक यायचे, आणि आवाज असा की माइक लागायचा नाही, पंधरा ऑगस्टचं भाषण शाळेच्या फाटकाबाहेर ऐकू यायचं. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. तेल लावलं, शेकलं, एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून आठ महिने उपचार केले. मग अक्षर बदललं. किराणा सामानाच्या यादीत 'तांदूळ' ठसठशीत आणि शेवटी 'जिरे' लिहीपर्यंत मुंगीएवढं. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. मी म्हटलं, घाई करता तुम्ही. मग आवाज खाली गेला. मी म्हटलं, तोंडातल्या तोंडात काय बोलता? मग चालताना पाय घासू लागले. मी म्हटलं, चपला फरफटू नका, आवाज येतो.

हात थरथरत असता तर कुणाच्या तरी डोक्यात शंका आली असती. पण कंप नव्हताच. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना वऱ्हांड्यात चालायला लावलं, अंगठा आणि बोट भराभर टेकवायला सांगितलं, कागदावर एक ओळ लिहून घेतली, आणि चालताना उजवा हात हलत नाही हे मला दाखवलं. चाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर चालले आणि मला ते दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स. मी विचारलं, कंपवात? पण कंप कुठे आहे? तेव्हा कळलं की सगळ्यांनाच कंप असतो असं नाही. मेंदूच्या बुंध्याशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो, त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात, ते कमी पडत गेलं की हालचाल मंदावते, अंग ताठरतं. बाहेर काही दिसायला लागतं तोवर त्यातल्या कितीतरी पेशी गेलेल्या असतात.

नाव कळलं, गोळ्या सुरू झाल्या, पाय उचलायला लागले. डॉक्टर भले होते, पण बाहेर तीस माणसं ताटकळलेली. वाट्याला आलेल्या दहा मिनिटांत मी पायांचं विचारलं, झोपेचं विचारलं. चेहऱ्याचं विचारलं नाही. चेहऱ्याचं काय विचारायचं असतं?

आणि खरं दुखणं तेच होतं. गुरुजी हसेनासे झाले होते. होळीला पुरणपोळी वाढली तर दगडासारखा चेहरा करून जेवले. नातू सुट्टीला आला, त्यांच्याकडे बघून मला हळूच म्हणाला, "आजी, आजोबा रागावलेत का?" मी त्याला नाही म्हटलं, पण माझंही मत तेच होतं. दोन वर्षं मी रात्री छताकडे बघत हिशेब मांडत होते की माझं काय चुकलं. कधी सासूबाईंच्या आजारपणातलं काहीतरी आठवायचं, कधी लेकीच्या लग्नातलं. एकदा तर मी भांडं आपटून म्हटलं, "माझा एवढा कंटाळा आलाय तर तोंडाने सांगा ना!" ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने सांगितलं की पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या खोलीत पार्किन्सन्सची माणसं आणि त्यांच्या घरचे जमतात. गुरुजी नको म्हणाले. "आजारी माणसांची जत्रा बघून काय करायचंय?" मी ऐकू न आल्याचा बहाणा केला आणि रिक्षा बोलावली.

दारातून आत गेले आणि पहिल्यांदा चहा दिसला. पंधरा-सोळा कप मांडलेले, आणि सगळे अर्धेच भरलेले! मला वाटलं, चहा कमी पडला. ओतणारे काका म्हणाले, "ताई, भरला की सांडतो, सांडला की माणूस लाजतो, लाजला की पुढच्या वेळी येत नाही. म्हणून अर्धा. हवा तर चार वेळा घ्या." खुर्च्याही सगळ्या हातांच्या, म्हणजे उठताना जोर देता येतो. ज्या घरात दोन वर्षं मी "सांडू नका" म्हणत होते, त्या घरातून मी अशा खोलीत आले होते जिथे सांडण्याआधीच त्याची सोय केलेली होती.

सगळे गोल करून बसले. ज्याला वाटेल त्याने बोलायचं. विश्रामबागच्या एक वहिनी बोलायला लागल्या. गेलं वर्ष कसं गेलं, असं काहीतरी सांगत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "मला यांचा राग यायचा हो. मी काहीही केलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला वाटायचं, मी यांना नकोशी झालेय."

माझ्या हातातला अर्धा कप हिंदकळला. शेजारची बाई पटकन म्हणाली, "आमच्याकडेही अस्संच!" पलीकडून आणखी एक, "आमच्याकडेही!" आणि मी, जिने कुठल्या महिला मंडळात कधी तोंड उघडलं नाही, ती उभी राहून म्हणाले, "आमच्याकडेही."

त्या गोलात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका होते, स्वतः नऊ वर्षं पार्किन्सन्स सांभाळणारे. त्यांचाही चेहरा तसाच, कोऱ्या पाटीसारखा. ते हळूहळू म्हणाले, "वहिनी, आम्ही आतून हसत असतो. ते वर येत नाही एवढंच."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा होता तसाच होता. पण त्यांनी मान हलवली. हो, अशी. एकदाच.

हसायलाही स्नायूच लागतात, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं! चालताना हात हलणं, पापण्या लवणं, ओठांचे कोपरे वर जाणं, ही सगळी आपण न ठरवता होणारी कामं, आणि पार्किन्सन्स नेमकी तीच मंद करतो. डॉक्टरांच्या भाषेत त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. पुस्तकात हे वाचलं असतं तर मी "बरं" म्हणून पान उलटलं असतं. पण विश्रामबागच्या वहिनींच्या तोंडून माझंच रडगाणं बाहेर पडलं, आणि त्या काकांच्या तोंडून माझ्याच नवऱ्याचं उत्तर आलं, तेव्हा दोन वर्षांचा हिशेब एका क्षणात पुसला गेला. ज्याला मी स्वभाव समजत होते तो आजार होता. माणूस तिथेच होता, आतून हसत होता, मला दिसत नव्हता.

त्यानंतर तर गोष्टींचा पूरच आला. कृष्णेला येतो तसा, आधी पायरी, मग दुसरी पायरी, मग सगळा घाट. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या मिस्टरांना वास येणं आजाराच्या किती आधी बंद झालं होतं, दूध उतू जाऊन करपलं तरी स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होते. मला आठवलं, गुरुजींनी फोडणीचा वास छान आलाय असं म्हणायचं कधी सोडलं? खांदा धरायच्या कितीतरी आधी! वास जाणं हे पार्किन्सन्सचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. दुसऱ्या एका बाईंनी खाली मान घालून सांगितलं की झोपेत नवऱ्याने लाथ मारली, दंड काळानिळा पडला, आणि दवाखान्यात त्या म्हणाल्या, पायरीवरून पडले. खोली एकदम शांत झाली. मग चौघीजणी एकदम बोलायला लागल्या. स्वप्नातलं भांडण, स्वप्नातली पळापळ अंगात उतरते, कारण झोपेत एरवी शरीर शिथिल राहतं ते राहत नाही. हाही आजाराचाच भाग. त्या बाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सात वर्षं मी हे कुणाला बोलले नाही."

खोलीतल्या एका निवृत्त कंडक्टरकाकांची गोष्ट तर मी पाठ केली आहे. "ज्या दिवशी घरात मटकीची उसळ, त्या दिवशी मी बंद," असं ते म्हणाले. गोळी घेतली तरी गाडी सुरूच व्हायची नाही. त्यांनी वहीत रोज लिहून ठेवलं, गोळी किती वाजता, जेवलो काय, चालता कधी आलं, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. गोळीतला लेव्होडोपा आणि डाळ-दुधातली प्रथिनं यांना शरीरात शिरायला एकाच दाराने जावं लागतं, दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. डॉक्टरांनी गोळीच्या आणि जेवणाच्या वेळा लांब करून दिल्या, गाडी सुरू झाली. मी कपाळाला हात लावला. आम्ही वर्षभर गोळी पौष्टिक म्हणून पेलाभर दुधाबरोबर देत होतो!

मात्र या खोलीचा एक नियम आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अनुभव सांगायचा, औषध सांगायचं नाही. एकदा कुणीतरी खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण आणलं, आमच्याकडे याने फरक पडला म्हणून. तेव्हा जुन्या मंडळींनी प्रेमाने थांबवलं. त्या बियांत लेव्होडोपाच असतो, भारतातच १९३७ मध्ये शास्त्रज्ञांनी तो त्यातून वेगळा काढला होता. म्हणजे गोळी चालू असताना वर चूर्ण घेणं म्हणजे किती घेतलं हे न कळता डोस वाढवणं. चूर्ण असो की गोळी, तो निर्णय डॉक्टरांपुढे. खोलीत फक्त आपली गोष्ट. या एका नियमामुळे इथे कुणी कुणाचा गुरू होत नाही.

पहिल्या बैठकीच्या रात्री मला झोप आली नाही. सुनेने फोनवर वाचायला शिकवलं आहे, मी वाचत सुटले. आणि मला काय सापडावं! या आजाराला ज्यांचं नाव आहे ते जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर. १८१७ मध्ये त्यांनी थरथरत्या लकव्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्याजवळ यंत्र नव्हतं, मेंदूचं चित्र नव्हतं. होती ती सहा माणसं. फक्त सहा! त्यांतली दोन त्यांना रस्त्यात सहज भेटली होती, आणि एकाला तर त्यांनी केवळ लांबून पाहिलं होतं. भेटलेल्यांना विचारलं, कधीपासून, कसं सुरू झालं, आता काय होतं. सहा माणसांच्या सहा गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांना दिसलं की ही सहा निरनिराळी दुखणी नाहीत, हे एकच आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी जे कागदावर केलं तेच आम्ही शनिवारी खुर्च्यांवर करतो! "आमच्याकडेही अस्संच" हेच तर त्यांनी त्या सहा जणांच्या वतीने लिहून ठेवलं. त्यांचा जन्म ११ एप्रिलचा, म्हणून जगभर तोच पार्किन्सन्स दिन.

आणि जॉय मिल्न यांची गोष्ट वाचून तर मी गुरुजींना उठवलं. रात्री पावणेबाराला! स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या या नर्सबाई. नवऱ्याच्या अंगाचा वास बदलला, कस्तुरीसारखा उग्र झाला, असं त्यांना जाणवलं. त्यांनाही वाटलं, हा नीट आंघोळ करत नाही, आणि त्यावरून घरात कुरबुरी झाल्या. दहा-बारा वर्षांनी नवऱ्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. मग ती दोघं अशाच एका गटाच्या बैठकीला गेली, आणि खोलीत पाऊल ठेवल्याबरोबर बाईंना तोच वास आला. सगळ्या रुग्णांच्या अंगाला! पुढे एडिंबरात एका व्याख्यानात त्यांनी शास्त्रज्ञ टिलो कुनाथ यांना विचारलं, की तुम्ही पार्किन्सन्सच्या वासाचा काही उपयोग का करत नाही? त्यांची परीक्षा घेतली गेली. बारा टी-शर्ट, सहा रुग्णांनी घातलेले, सहा निरोगी माणसांनी. बाईंनी सहाही रुग्ण बरोबर ओळखले, पण एका निरोगी माणसालाही रुग्ण म्हटलं. आठ महिन्यांनी त्या माणसाने कळवलं की त्यालाही पार्किन्सन्स निघाला. बाईंची एकही चूक झालेली नव्हती! आता मँचेस्टरचे संशोधक त्वचेवरच्या तेलकट स्रावातून हा आजार आधी ओळखता येईल का, यावर काम करतात.

विचार करा, त्या बाई बैठकीला गेल्याच नसत्या तर? तो वास फक्त आपल्या नवऱ्याचा, आपल्या घरातली लाजिरवाणी गोष्ट, असंच समजून आयुष्य गेलं असतं. घरात असते ती तक्रार. चार घरच्या तक्रारी एका खोलीत आल्या की त्याचं ज्ञान होतं. मला हे एवढंच सांगायचं आहे आणि हे मी कितीही वेळा सांगू शकते.

आपल्याकडेही हे काम किती आधीपासून चाललंय! पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ साली सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या मंडळींसाठी नाचाचा वर्ग घेतला, अगदी खराखुरा नाच. मला सगळ्यात आवडले ते पुण्याच्या मंडळींचे दोन शब्द. आजार सांभाळणारा तो शुभार्थी, आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर. आमच्या खोलीतही हेच शब्द चालतात. रुग्ण म्हटलं की माणूस पलंगावर आडवा दिसतो. शुभार्थी म्हटलं की तो आपल्या भल्यासाठी काहीतरी करायला निघालेला दिसतो. आणि मला तर आजवर कुणी काहीच म्हटलं नव्हतं. "पेशंटच्या मिसेस" एवढीच माझी ओळख. पहिल्या दिवशी चहाच्या काकांनी वहीत माझ्या नावापुढे 'शुभंकर' लिहिलं, तेव्हा मला नेमणुकीचं पत्र मिळाल्यासारखं वाटलं.

खोलीत मिरजेहून येणारे एक वारकरी आजोबा आहेत. त्यांना फ्रीझिंगचा फार त्रास. म्हणजे चालता चालता पाय जमिनीला खिळतात, विशेषतः दारात, अरुंद जागी, वळताना. मागे माणसं खोळंबतात, "चला की" म्हणतात, आणि जितकं चला म्हणावं तितके पाय जास्त चिकटतात. दुसऱ्या बैठकीला ते असेच दारात अडकले. कुणी त्यांना ओढलं नाही. त्यांच्या सुनेने पिशवीतून टाळ काढले आणि ठेका धरला. आजोबांनी मान वर केली, आणि पावली खेळत आत आले! ज्यांना दोन पावलं टाकता येत नव्हती त्यांची चार पावलं पुढे, दोन मागे, परत पुढे! मी टाळ्या वाजवल्या, मग लक्षात आलं की सगळेच ठेक्यात टाळ्या वाजवतायत.

न ठरवता चालण्याची मेंदूतली वाट बुजत जाते, पण बाहेरून ठेका मिळाला किंवा जमिनीवर रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो. नेदरलँड्समधले डॉक्टर बास ब्लूम यांनी २०१० मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली, ज्याला धड चालता येत नव्हतं पण सायकल झकास चालवता यायची. मी दुसऱ्याच दिवशी मारुती रोडवरून पिवळी चिकटपट्टी आणली आणि न्हाणीघराच्या दारात, पावलापावलाच्या अंतरावर पाच पट्ट्या मारल्या. गुरुजी दारात थांबले, पट्टीकडे पाहिलं, आणि एकेक पट्टी ओलांडत आत गेले. बाहेरून मी "अहो, झालं?" असं विचारायची गरजच पडली नाही. पाच रुपयांची पट्टी असेल! आणि ती मला ना औषधाच्या कागदावर मिळाली होती, ना पुस्तकात. एका आजोबांच्या अडकण्यातून मिळाली.

सगळंच गोड होतं असं मात्र सांगणार नाही. त्याच बैठकीला चाकांच्या खुर्चीतून एक गृहस्थ आले होते. सोळा वर्षांचा आजार, मान कललेली, शब्द कळत नाहीत, पत्नी कानाशी तोंड नेऊन ऐकते आणि मग आम्हाला सांगते. घरी आल्यावर गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी पुढच्या वेळी येणार नाही. मला पुढचा धडा दिसला." मी काही बोलू शकले नाही, कारण मलाही तोच दिसला होता. जी खोली माझं ओझं हलकं करते तीच त्यांच्या छातीवर दगड ठेवू शकते, हे मी माझ्या आनंदात विसरले होते.

तिसऱ्या बैठकीला मी एकटी गेले. चाकांच्या खुर्चीतले ते गृहस्थ माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. पत्नीने कान लावला आणि हसून सांगितलं, "हे विचारतायत, गुरुजी आज गैरहजर का?" आणि मग त्यांच्या वतीने नाही, स्वतःच्याच वतीने म्हणाल्या, "त्यांना सांगा, प्रत्येकाचा पार्किन्सन्स वेगळा असतो. यांचा यांचा, गुरुजींचा गुरुजींचा. आम्हीही पहिल्यांदा घाबरून तीन महिने आलो नव्हतो."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. गुरुजींनी छत्तीस वर्षं हजेरी घेतली होती, गैरहजर मुलाच्या घरी संध्याकाळी सायकलने जाऊन चौकशी केली होती. त्यांची चौकशी कुणी आजवर केली नव्हती. पुढच्या बैठकीच्या दिवशी ते दुपारी दोनलाच सदरा घालायला बसले. बटणं लावायला वीस मिनिटं लागतात. मी मदतीला गेले नाही. हेही तिथेच शिकले आहे, हात पुढे करण्याआधी थांबायचं.

आता गेल्या शनिवारचं सांगते आणि थांबते. आमच्याकडे शेवटची पंधरा मिनिटं आवाजाची असतात. जोरात 'आ' म्हणायचं, मोठ्याने वाचायचं. पार्किन्सन्समध्ये आवाज खाली जातो आणि गंमत अशी की बोलणाऱ्याला तो नेहमीएवढाच वाटतो. गुरुजींना खरोखरच वाटायचं की मला कमी ऐकू येतंय! म्हणून मुद्दाम, ओरडल्यासारखं वाटेल इतकं मोठं बोलायचा सराव करावा लागतो. अमेरिकेत १९८७ मध्ये आवाजाच्या अशा व्यायामांची एक पद्धत तयार झाली, तिला ली सिल्व्हरमन या पार्किन्सन्स झालेल्या बाईंचं नाव आहे. त्या बाईंच्या घरच्यांची मागणी एवढीच होती, की त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू यावं. मी ते वाचलं तेव्हा पान मिटून बसून राहिले.

तर चहाचे काका म्हणाले, "गुरुजी, आज तुम्ही हजेरी घ्या. शाळेत घ्यायचात तशी. आम्ही 'हजर' म्हणू." रुंद रेघांची वही त्यांच्यापुढे ठेवली, म्हणजे अक्षराला रेघेचा आधार राहतो. गुरुजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. माझ्या पोटात गोळा आला. "क्रमांक एक," ते म्हणाले, आणि पहिल्या ओळीलाही ऐकू गेलं नाही. कंडक्टरकाका मागून ओरडले, "गुरुजी, शेवटच्या बाकावर ऐकू येत नाही!"

गुरुजींनी पाय थोडे फाकवले. श्वास घेतला. मला तो श्वास ओळखीचा वाटला, पंधरा ऑगस्टच्या भाषणाआधीचा.

"क्रमांक एक!"

"हजर!"

"क्रमांक दोन!"

"हजर, गुरुजी!"

वारकरी आजोबा टाळ वाजवून हजर झाले. विश्रामबागच्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर एकदमच म्हणाले. वर्कशॉपचे काका, लाथ खाल्लेल्या त्या बाई, मी, सगळे. खिडकीबाहेर वाचनालयात पेपर वाचणारी माणसं मान वळवून बघत होती. आवाज बाहेर गेला होता! मग चाकांच्या खुर्चीचा क्रमांक आला, सोळा. त्यांचे ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. त्यांच्या पत्नी सवयीने पुढे वाकल्या, पण गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. अडखळणाऱ्या मुलाला ते वर्गात जसे थांबून वेळ द्यायचे तसे ते थांबले. आम्ही सगळे थांबलो. पंखा तेवढा फिरत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही.

"ह... जर."

गुरुजींनी वहीत खूण केली. मग खाली बसून, रुंद रेघ भरून, सावकाश लिहिलं. मी मागून वाकून पाहिलं. अक्षर शेवटपर्यंत लहान झालं नव्हतं.

एकूण सतरा. सर्व हजर.